कुठल्या काडतुसाला कुठली दारू

दिवाळीला पुतण्या टेक्सासहून इंदूरला आला होता. तिकडे तो पिस्तूल नेमबाजीच्या एका क्लबात जातो आणि सामन्यांसाठी लागणारी काडतुसं घरीच भरतो. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, तिच्या बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटून दारूला आग लावणारी टिकली, बसवायचा, दारू मोजून घालायची, वर नवी गोळी दाबून बसवायची. अमेरिकेत हे कायदेशीर आहे आणि खूप लोकांचा तो छंद आहे. फराळ करता करता भाचीने त्याला विचारलं, “दादा, सगळ्यात जोरदार दारू कुठली असते रे?” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा हिला. रसायनशास्त्र तुमचं.”

मी ३० वर्षं कॉलेजात तेच शिकवलं. बहुतेक माणसं हाच प्रश्न विचारतात, आणि तो भलत्या टोकाकडून धरलेला असतो. त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर मांडतो.

त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ ने मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. तेव्हा हे वाचून कुणी घरी काही करून बघायचं नाही. पण आपल्या इंदूरला महू जवळ, तिथलं सैन्याचं नेमबाजी केंद्र, आर्मी मार्क्समनशिप युनिट, नावाजलेलं. तिथेच सराव केलेल्या विजयकुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक आणलं. पोरांना नेमबाजीचं वेड लागतं आणि मग काडतुसाच्या पोटात काय असतं हेही विचारावंसं वाटतं. ते कुतूहल रास्त आहे, त्याला धड उत्तर मिळायला हवं. (विजयकुमार यांच्या प्रकारातलं .२२ चं काडतूस मात्र पुन्हा भरत नाहीत. त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या काठातच असतो. घोड्याने काठ एकदा चेपला की ती पुंगळी कामातून गेली.)

आता मूळ मुद्दा. काडतुसातली दारू सुरुंगासारखी फुटत नाही, ती जळते. जळते फार झपाट्याने, पण जळतेच, आणि तेही दाण्याच्या पृष्ठभागावरून आत आत. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. किलोभर लाकडाचा एकच ओंडका चुलीत घातला तर तो तासभर धुमसत राहतो. त्याच किलोच्या ढलप्या केल्या तर दहा मिनिटांत भडकून संपतात. बारीक भुसा करून मुठीने आगीवर उधळला तर एकदम भपका होतो. उष्णता तिन्ही वेळा साधारण तेवढीच, कारण लाकूड तेच. फरक पडतो तो किती वेळात ती बाहेर येते याचा. बंदुकीच्या दारूची निवड म्हणजे मुख्यतः या वेळेची निवड. “सगळ्यात जोरदार कुठली” याला उत्तर नाही, “या पुंगळीत, या गोळीमागे, एवढ्या नळीत पुरी जळेल अशी कुठली” याला आहे.

जुन्या ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. जळल्यावर तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही. ते घन कण बनून उरतं, त्याचाच तो ढगासारखा धूर आणि नळीतला काळा कीट. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू बनवली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यावर चालणारी लेबेल रायफल घेतली. १८८७ मध्ये नोबेलचं बॅलिस्टाइट आलं, १८८९ मध्ये ब्रिटिशांचं कॉर्डाइट. ते दोऱ्यांच्या (इंग्रजीत ‘कॉर्ड’) रूपात असे म्हणून कॉर्डाइट. निलगिरीतला अरुवनकाडूचा कारखाना त्याच्यासाठीच उभारला गेला होता.

निर्धूर दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून बंद पुंगळीत हवा नसतानाही तो जळू शकतो. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची ती सिंगल बेस, त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं की डबल बेस. डबल बेसमध्ये वजनामागे ऊर्जा जास्त, पण ती जास्त तापते. भाची लगेच म्हणाली, “म्हणजे डबलच जोरदार!” थोडीशी, हो. पण डबल बेसमध्येही अतिजलद आणि अतिसंथ असे दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे या नावावरून निवड होत नाही.

मग वेग ठरतो कशावर? इथे मी उठून स्वयंपाकघरातून तीन वाट्या आणल्या: एकीत पोहे, दुसरीत साबुदाणा, तिसरीत आपली इंदुरी शेव बोटांनी चुरून. पुतण्या हसला, कारण त्याच्या टेबलावरचे तीन डबे अगदी असेच दिसतात. काही दारू चपट्या पापुद्र्यांची असते, पोह्यांसारखी. काही गोल मण्यांची. काही शेवेच्या तुकड्यांसारखी, लांबट, कधी मधून भोक असलेली. पातळ पापुद्र्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर आणि जाडी अगदी कमी, म्हणून तो लवकर संपतो. गोल मणी जळताना लहान होत जातो, म्हणजे सुरुवातीला पृष्ठभाग जास्त आणि शेवटी कमी. भोकाच्या तुकड्याची गंमत अशी की बाहेरून तो आकसतो आणि आतून भोक रुंदावतं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग जवळपास कायम राहतो. शिवाय दाण्यांवर आग मंदावणारा लेप देतात, म्हणजे पहिला भडका आटोक्यात राहतो. वरून ग्राफाइट चोळतात. त्याने दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि स्थिर विजेची ठिणगीही पडत नाही. काळसर चकाकी येते ती ग्राफाइटची.

मोजायलाही हा आकार आडवा येतो. वाटीने पोहे मोजले तर कधी दाबून बसतात, कधी पोकळ राहतात. साबुदाणा प्रत्येक वेळी तेवढाच येतो. मापाच्या यंत्रातून गोल दाणे पाण्यासारखे उतरतात. मोठे पापुद्रे अडकतात, मग एका पुंगळीत कमी आणि पुढचीत जास्त पडते. ज्याला एका बैठकीत २०० काडतुसं भरायची आहेत त्याला हा विचार करावाच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हिच्यासाठी थोडा वेळ काढा. उघड्यावर चिमूटभर निर्धूर दारू पेटवली तर ती फुरफुर करत पिवळ्या ज्योतीने जळून जाते, बार होत नाही. तीच बंदिस्त जागेत पेटवली की वायू साठतो, दाब चढतो, आणि दाब चढला की दारू आणखी वेगाने जळू लागते. आणखी वेगाने जळली की दाब आणखी चढतो. हे चक्र आहे. या चक्राला मोकळी वाट देणारी एकच गोष्ट म्हणजे पुढे सरकणारी गोळी. ती जशी नळीत पुढे जाते तशी मागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. म्हणजे नळीत शर्यत चालू असते: वायू किती झपाट्याने तयार होतो आणि गोळी किती झपाट्याने जागा करून देते. पिस्तुलाच्या चार-पाच इंचांच्या नळीत ही शर्यत एका मिलिसेकंदाच्या आसपास संपते.

या चक्रामुळेच दारू दहा टक्क्यांनी वाढवली म्हणून दाब दहा टक्क्यांवर थांबत नाही. आणि त्यामुळेच काडतुसातल्या बारीकसारीक गोष्टी भारी पडतात. जड गोळी जागची हलायला वेळ घेते, तेवढ्यात दाब चढतो. ९ मिमी या पिस्तूल-काडतुसाच्या छोट्याशा पुंगळीत गोळी ठरल्यापेक्षा जरा खोल दाबली गेली तर आतली जागा कमी होते. दारू तेवढीच राहिली तरी दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. पुंगळी मोठी असती तर तेवढ्याच चुकीने इतकं बिघडलं नसतं.

दाब म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून गाडीचं चाक घ्या. त्यात हवा भरतो ती साधारण ३५ पाउंड प्रति चौरस इंच. अमेरिकेतल्या प्रमाणांनुसार .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या जुन्या रिव्हॉल्व्हर-काडतुसाची कमाल मर्यादा १५,००० पाउंड, .३८ स्पेशलची १७,०००, .४५ एसीपीची २१,०००, आणि ९ मिमीची ३५,०००. चाकाच्या हजारपट. हे सगळं आपल्या तळहाताच्या वर, चेहऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर घडत असतं.

.३५७ मॅग्नम या मोठ्या रिव्हॉल्व्हर-काडतुसाची मर्यादाही ३५,०००च आहे, तरी त्याची गोळी ९ मिमीपेक्षा बरीच जास्त ऊर्जा घेऊन निघते. हे कसं? हातगाडीचं उदाहरण घ्या. एकाने गाडीला दणका देऊन सोडलं आणि दुसऱ्याने तेवढ्याच जोराने पण दहा पावलं सोबत चालत ढकललं, तर दुसऱ्याची गाडी जास्त वेगाने जाईल. .३५७ ची पुंगळी लांब, तिच्यात संथ दारू भरपूर मावते. ती कमाल दाब ओलांडत नाही, पण दाब टिकवून धरते. ९ मिमीच्या पुंगळीत तेवढी जागाच नाही, तिथे मध्यम किंवा जलद दारूच बसते.

म्हणून ढोबळ चित्र असं होतं. लहान पुंगळी, हलकी गोळी, कागदी लक्ष्यावर सौम्य मारा असेल तर जलद दारू. अमेरिकेतल्या बुल्सआय या दारूला शंभराहून जास्त वर्षं झाली, ती याच कामासाठी ओळखली जाते. जलद दारू कमी लागते, कमी नळीतही पुरी जळते, हाताला बसणारा धक्काही बऱ्याचदा सौम्य असतो. जड गोळी आणि मॅग्नमची मोठी पुंगळी असेल तर संथ दारू. अधल्यामधल्या कामांना युनिकसारखी मध्यम दारू. संथ दारू छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरली तर ती नळीत संपत नाही. पुढे आगीचा मोठा लोळ दिसतो, कानठळ्या बसतात, न जळलेले दाणे हातावर उडतात, आणि गोळीला त्यातलं काही मिळत नाही. पिस्तुलाची जलद दारू रायफलच्या पुंगळीत भरली तर याच्या उलटं: गोळी हलायच्या आत दाब गगनाला भिडतो आणि रायफलच फुटते.

संथ दारूची आणखी एक अट आहे, ती ऐकून भाचीला आश्चर्य वाटलं. आपल्याला वाटतं, कमी घातली की सुरक्षित. एच ११० नावाच्या मॅग्नमच्या दारूबाबत पुस्तिकेतच बजावलेलं असतं की ठरल्यापेक्षा फार कमी करू नका. ती नीट पेटायलाच पुंगळी भरलेली आणि दाब चढलेला लागतो. कमी घातली तर ती अर्धवट पेटते आणि गोळी नळीतच अडकून बसू शकते.

.३८ स्पेशलची कथा वेगळी, आणि मला ती फार बोधक वाटते. हे काडतूस १८९८ मध्ये आलं तेव्हा ते काळ्या दारूच्या मापाने बेतलेलं होतं, म्हणून पुंगळी ऐसपैस. पुढे त्यात निर्धूर दारू आली, ती लागते थोडीशीच. परिणाम असा की जलद दारूचं योग्य माप घातलं तरी पुंगळीचा मोठा भाग रिकामा राहतो. आत डोकावलं तर तळाशी काहीतरी काळं दिसतं, एवढंच. मध्येच फोन वाजला, लक्ष गेलं, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप ओतलं गेलं, तरी ती उतू जात नाही. वरून गोळी बसली की चूक कायमची झाकली गेली. म्हणून जाणते लोक अशा पुंगळीसाठी मुद्दाम फुगीर दारू शोधतात. वजनाला तेवढीच, पण जागा जास्त व्यापणारी. दुबार पडली तर काठोकाठ येते किंवा बाहेर सांडते, आणि डोळ्यांना दिसते. पुतण्याची निवड याच कसोटीवर ठरलेली आहे आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. दोन दारू बाकी सगळ्यात सारख्या असतील तर जिची चूक दिसते ती घ्यावी.

वजनाचं बोलायचं तर तिकडे दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन. काट्याचं बटण चुकून ग्रॅमवर राहिलं तर काय अनर्थ होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आपल्या माणसाला ग्रेन कळायला सोपा मार्ग सराफ्यातून जातो. दुसऱ्या दिवशी दोघांना तिथे घेऊन गेलो, दुकानं बंद होऊन खाऊगल्ली मांडायच्या आधी. ओळखीच्या सराफांनी जुन्या डबीतून गुंजा काढून भाचीच्या तळहातावर ठेवल्या, लालभडक आणि एका टोकाला काळा ठिपका. तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त. पिस्तुलाच्या साध्या काडतुसात दारू असते ती दोन-तीन गुंजांच्या घरातली. एवढ्याशा वजनावर तो हजार चाकांचा दाब. आणि भरणारा माणूस काटा बघतो तो ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंत. सराफ म्हणाले, “सोन्याला आम्ही इतकं जपतो, पण चूक झाली तर पैसेच जातात.”

दारू कुठली, किती, कुठल्या गोळीमागे, हे कुणीही मनाने ठरवत नाही. दारू बनवणाऱ्या कंपन्या आणि गोळ्यांच्या कंपन्या दाब मोजायच्या खास नळीत चाचण्या घेऊन कोष्टकं छापतात. त्यात त्या काडतुसासाठी, त्या वजनाच्या गोळीसाठी, त्या नावाच्या दारूचं सुरुवातीचं आणि कमाल माप असतं. सुरुवात खालून करायची, वर जायचं तर थोडं थोडं, आणि दर वेळी पुंगळी-प्रायमरवर जास्त दाबाच्या खुणा दिसतात का ते बघत. जलद ते संथ अशी क्रमवारी लावलेले तक्तेही मिळतात, पण ते नुसती रांग दाखवतात. शेजारच्या दोन दारूंत अंतर किती हे त्यात नसतं. तक्त्यात शेजारी आहे म्हणून हिच्याऐवजी ती, असं करणाऱ्यांनी बोटं गमावलेली आहेत.

आपण “फुसका बार” म्हणतो ना, तो शब्द इथे अक्षरशः लागू पडतो आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. पुतण्याच्या हातून एकदा एका पुंगळीत दारू पडलीच नव्हती. चाप ओढला, नेहमीच्या दणक्याऐवजी ‘पट्’ एवढाच आवाज आला, धक्का जाणवला नाही. नुसत्या प्रायमरच्या दाबाने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. त्याने हात थांबवला, पिस्तूल खाली रोखून ठेवलं आणि निरीक्षकाला बोलावलं. पुढची गोळी उडवली असती तर ती अडकलेल्या गोळीवर आदळून नळी फुटली असती. तो हे सांगत असताना त्याच्या आईने हातातली करंजी ताटात परत ठेवली.

साठवणीबद्दल थोडं. नायट्रोसेल्युलोज हळूहळू आपोआप विघटित होतं आणि त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू विघटन आणखी वाढवतात. म्हणून त्यात डायफिनायलअमाइनसारखा स्थिरक घालतात, तो हे वायू शोषून घेतो. उष्णतेने स्थिरक लवकर संपतो. सुरुवातीच्या काळात हे नीट उमगलं नव्हतं. फ्रान्सच्या तूलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका कोठारातल्या खराब दारूमुळेच स्फोट होऊन गेल्या. आजची दारू पुष्कळ भरवशाची आहे, तरी ती थंड, कोरड्या जागी आणि मूळ डब्यातच ठेवतात. डबा उघडल्यावर आंबूस, उग्र वास आला किंवा तांबूस धूळ-धूर दिसला, तर ती कामाची राहिलेली नाही.

मूळ डब्याचं एवढं का, हे सांगणारा पुतण्याचा फोन फेब्रुवारीत आला. क्लबातल्या एका वयस्कर सभासदाने आवरासावर करताना त्याला अर्धा डबा फुकट दिला होता. वरची चिठ्ठी गळून पडलेली. पुतण्याने व्हिडिओवर पांढऱ्या बशीत चिमूटभर ओतून कॅमेरा जवळ नेला. बारीक, चपटे, करडे पापुद्रे, मधूनच एखादा लालसर. “काका, माझ्या नेहमीच्या डब्यातली अशीच दिसते. तीच असेल ना?”

मी विचारलं, “लेपाची जाडी तुला डोळ्यांनी दिसते का?”

तो थोडा वेळ बशीकडे बघत राहिला. मग त्याने चिमूट परत डब्यात टाकली, झाकण लावलं, त्यावर जाड पेनाने ‘अनोळखी’ असं मराठीत लिहिलं आणि खाली क्लबातल्या लोकांसाठी इंग्रजीत. शनिवारी तो डबा क्लबाच्या निरीक्षकाकडे गेला, मोकळ्या मैदानात थोडी थोडी पसरून जाळून टाकायला.